डॉ. रखमाबाई: न पटलेल्या नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करणारी मुलगी, आणि तिच्या खटल्याचा आजच्या बीडशी संबंध

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी २२ वर्षांच्या एका तरुणीला आदेश दिला. महिन्याभरात नवऱ्याच्या घरी राहायला जायचं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जावं लागेल.

या तरुणीचं लग्न झालं तेव्हा ती ११ वर्षांची होती. त्या नवऱ्याच्या घरी ती एक दिवसही नांदली नव्हती. तिने कोणाची फसवणूक केली नव्हती की चोरी केली नव्हती. लहानपणी, आपल्याला न विचारता झालेलं लग्न मान्य नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

निकाल ऐकून तिने सांगून टाकलं, की आपण तुरुंगात जाऊ, पण त्या घरी जाणार नाही.

तिचं नाव रखमाबाई. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि भारतात प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. पण त्याआधी त्यांनी कोर्टात जो प्रश्न उभा केला, त्याने मुंबई-पुण्यापासून लंडनपर्यंतची वर्तमानपत्रं ढवळून निघाली. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाला मुलगी मोठी झाल्यावर नाही म्हणू शकते का, हा तो प्रश्न होता.

या गोष्टीला १३० हून जास्त वर्षं झाली. पण बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं. संपूर्ण महाराष्ट्रासाठी हेच प्रमाण जवळपास २२ टक्के आहे.

म्हणूनच रखमाबाईंची गोष्ट समजून घ्यायला हवी. त्यांच्याकडे कोणते हक्क नव्हते आणि आज कोणते आहेत, हे त्यातून नीट कळतं.

रखमाबाई कोण होत्या?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई.

आईचं लग्न वयाच्या चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. रखमाबाई तेव्हा अडीच वर्षांच्या होत्या. म्हणजे बालविवाहाने काय होतं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं, ते त्यांच्या घरातच होतं.

सुतार समाजात पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंचं दुसरं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालं. ते स्वतः विधुर होते. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरते.

सखाराम अर्जुन हे त्या काळातलं मोठं नाव होतं. ते डॉक्टर होते, वनस्पतींचे अभ्यासक होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांमध्ये दोनच भारतीय होते, त्यातले एक सखाराम अर्जुन. सुधारक मंडळींमध्ये त्यांची ऊठबस होती.

मग लग्न अकराव्या वर्षी कसं झालं?

सुधारकाच्या घरातही चालीरीती एका दिवसात बदलत नाहीत. रखमा ११ वर्षांची असताना तिचं लग्न दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या मुलाशी लावून देण्यात आलं. तो सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला होता. घरची परिस्थिती बेताची होती.

ठरलं असं होतं, की दादाजी घरजावई म्हणून राहील, शिकेल आणि आपल्या पायावर उभा राहील. त्याचा खर्च रखमाच्या घरचे करतील.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमा वयात आली. रिवाजाप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी होऊन संसार सुरू व्हायचा होता. पण सखाराम अर्जुन डॉक्टर होते. इतक्या लहान मुलीच्या शरीरावर त्याचे काय परिणाम होतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विधी लांबणीवर टाकला.

दादाजीला हे आवडलं नाही. शिक्षणातही त्याचं मन रमलं नाही. आईच्या मृत्यूनंतर तो आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजी यांच्याकडे राहायला गेला. पुढची वर्षं त्याने शिक्षण सोडून, कर्ज करत काढली.

इकडे रखमा शिकत राहिली. लग्नामुळे शाळा सुटली होती, पण घरी पुस्तकं येत होती. मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर तिने इंग्रजी पक्कं केलं. आईसोबत ती प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. वय वाढलं तसं तिच्या मनात ठरत गेलं, की या माणसाबरोबर आपण संसार करणार नाही.

प्रकरण कोर्टात कसं गेलं?

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठवली. माझ्या बायकोला माझ्याकडे येण्यापासून अडवू नका, असा तिचा मतलब होता. आपण अडवत नाही, असं सखाराम अर्जुन यांनी कळवलं. रखमाबाईंनी मात्र वकिलामार्फत स्वतःचा नकार कळवला.

मग दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. हा दावा वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा होता. सोप्या भाषेत सांगायचं तर, लग्नाचा जोडीदार कारण नसताना वेगळा राहत असेल तर त्याला किंवा तिला परत नांदायला पाठवा, अशी कोर्टाकडे केलेली मागणी.

इथे एक गंमत आहे. असा दावा ना हिंदू धर्मशास्त्रात होता ना इथल्या रिवाजात. तो आला इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून. आणि ज्या १८८४ साली दादाजी कोर्टात गेला, त्याच साली इंग्लंडने स्वतःच्या कायद्यातून या कारणासाठीची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. भारतात मात्र ती दिवाणी प्रक्रिया संहितेत तशीच राहिली.

दावा सुरू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. रखमाबाईंच्या पाठीशी घरात उभा असलेला सगळ्यात मोठा आधार गेला.

टाइम्समधली 'हिंदू लेडी'

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात दोन पत्रांनी खळबळ उडवली. जून १८८५ मधलं पत्र बालविवाहावर होतं, सप्टेंबरमधलं विधवांवर लादल्या जाणाऱ्या वैधव्यावर. खाली नाव नव्हतं, एका हिंदू स्त्रीचं पत्र एवढंच कळत होतं.

पत्रं रखमाबाईंची होती. लहानपणीच लग्न झाल्यामुळे मुलींचं शिक्षण कसं तुटतं, शरीर आणि मन कसं खचतं, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून मांडलं होतं. इतकी वर्षं बाईच्या प्रश्नावर पुरुषच बोलत होते, सुधारकही पुरुष आणि सनातनीही पुरुष. आता ज्या मुलीच्या आयुष्याची चर्चा चालली होती तीच बोलू लागली होती.

पहिला निकाल बाजूने, दुसरा विरोधात

रखमाबाईंच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यात काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पुढे हेच तेलंग मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी निकाल दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. इंग्लंडमधला हा कायदा समजत्या वयात, स्वतःच्या मर्जीने लग्न केलेल्या आणि एकत्र राहिलेल्या जोडप्यांसाठी आहे. रखमाबाईंचं लग्न त्या लहान असताना झालं, दोघांचा संसार कधी सुरूच झाला नाही. जे सुरूच झालं नाही त्याची पुनर्स्थापना कशी करणार? हिंदू कायद्यातही अशा सक्तीला आधार नाही. दावा फेटाळला गेला.

सुधारकांना आनंद झाला. बेहरामजी मलबारी तर १८८४ पासूनच बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध मोहीम चालवत होते. त्यांना या निकालाने बळ मिळालं.

दुसऱ्या बाजूने मोठा गदारोळ झाला. परक्या सरकारची कोर्टं आमच्या धर्मात आणि घरात हात घालतात, असा सूर उमटला. बाळ गंगाधर टिळकांनी रखमाबाईंच्या भूमिकेला कडाडून विरोध केला. बायका शिकल्या की अशाच नवऱ्यांना नाकारतील, ही भीतीही त्या विरोधात मिसळलेली होती.

दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल रद्द केला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवलं. कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेलं आहे, तेव्हा मुलीची संमती होती की नाही हा प्रश्न उरत नाही, असा त्याचा अर्थ निघाला.

पुन्हा सुनावणी झाली ती फॅरन यांच्यासमोर. निकाल काय लागला ते सुरुवातीला आलंच आहे.

त्याच दिवसांत मराठी समाजाला आणखी एक धक्का बसला होता. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांचं २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झालं. त्या अवघ्या २१ वर्षांच्या होत्या. त्यानंतर आठवड्याभरातच रखमाबाईंविरुद्धचा हा निकाल आला.

राणीने निकाल फिरवला का?

रखमाबाईंबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यांनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं आणि राणीने कोर्टाचा निकाल रद्द केला, अशी ती गोष्ट. ऐकायला छान वाटते, पण प्रकरण तसं संपलं नाही.

१८८७ हे राणीच्या राज्यारोहणाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. त्या वर्षी रखमाबाईंचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. त्यात त्यांनी मागणी केली होती, की मुलगा २० आणि मुलगी १५ वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टाने कायदेशीर मानू नये. राणीला साद घालून त्यांनी हा बदल मागितला होता. स्वतःची सुटका एवढाच त्यांचा हेतू नव्हता, सगळ्याच मुलींसाठी त्यांना नियम हवा होता.

मुंबईत आणि इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी पैसे उभे राहिले, बचाव समिती झाली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याबद्दल लिहिलं. दादाजीनेही आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. रखमाच्या नावावरची मालमत्ता हातातून जाऊ नये म्हणून तिच्या घरच्यांनी तिला भरीला घातलं, असं त्याचं म्हणणं होतं. रखमाबाईंच्या बाजूचे लोक नेमकं उलट सांगत. त्यांच्या मते दादाजी आणि त्याच्या मामाचाच त्या मालमत्तेवर डोळा होता.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला २,००० रुपये मिळाले आणि त्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाईंना तुरुंगात जावं लागलं नाही. दादाजीने पुढे दुसरं लग्न केलं.

पण नीट पाहिलं तर रखमाबाई कोर्टात हरल्याच होत्या. त्यांची सुटका पैशांनी झाली, कायद्याने नाही. ज्या मुलीकडे २,००० रुपये नव्हते, मागे वकील आणि वर्तमानपत्रं नव्हती, तिच्यासाठी फॅरन यांचाच निकाल लागू होता.

डॉक्टर रखमाबाई

खटल्याच्या काळात रखमाबाईंची ओळख डॉ. एडिथ पीची यांच्याशी झाली. पीची मुंबईत कामा हॉस्पिटलमध्ये काम करत. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं. इंग्लंडमधल्या समर्थकांनी मदत केली आणि १८८९ मध्ये रखमाबाई बोटीने निघाल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

परत आल्यावर थोडा काळ कामा हॉस्पिटल, मग सुरत, मग राजकोट असा त्यांचा प्रवास झाला. एकूण सुमारे ३५ वर्षं त्यांनी बायका-मुलांवर उपचार केले. त्या काळी पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही म्हणून कितीतरी बायका उपचाराविना राहत. अशा बायकांसाठी बाई डॉक्टर असणं म्हणजे जीव वाचणं होतं.

१९०४ मध्ये दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या. ज्या लग्नाला त्यांनी कधी मानलं नाही, त्याचं वैधव्य त्यांनी का पाळलं, यावर अभ्यासकांमध्ये आजही चर्चा होते. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, हे मात्र खरं.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी १९२९ मध्ये पुस्तिका लिहिली. तेव्हा त्या पासष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

खटल्यानंतर कायदा कसा बदलला?

भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये मुलीसाठी संमतीचं वय १० वर्षं ठरवलं होतं. लग्न झालेलं असलं तरी १० वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा होता, त्यावर मात्र नाही.

रखमाबाईंच्या खटल्याने तापलेल्या वातावरणातच बंगालमध्ये फुलमणी दासी या लहान मुलीचा नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधानंतर मृत्यू झाला. ती १० वर्षांच्या वर होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १८९१ मध्ये सरकारने संमतीचं वय १० वरून १२ केलं. टिळकांनी याही कायद्याला विरोध केला.

१९२९ मध्ये सारडा कायदा आला. मुलीसाठी लग्नाचं वय १४ आणि मुलासाठी १८ ठरलं. म्हणजे रखमाबाईंनी १८८७ मध्ये मागितलेल्या वयाच्या जवळपास यायला ४२ वर्षं लागली. तेही फक्त ब्रिटिश हद्दीत. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मुंबई हायकोर्टाचा अधिकार तिथे चालत नव्हता आणि ब्रिटिश हद्दीतला कायदाही आपोआप लागू होत नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झालं, त्यानंतर चित्र बदललं.

आज बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार लग्नाचं वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ आहे. अल्पवयीन मुलीशी लग्न करणाऱ्या सज्ञान पुरुषाला, लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि ज्या कायद्यासाठी रखमाबाईंना तुरुंगाची भीती दाखवली गेली, त्याचं काय? तो अजून आहे. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये, म्हणजे रखमाबाईंच्या मृत्यूच्या चार महिने आधी झाला. त्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना कायम ठेवली गेली. फरक एवढाच की आता त्यासाठी तुरुंग नाही. हुकूमनामा पाळला नाही तर मालमत्ता जप्त होऊ शकते. वर्षभर तो पाळला गेला नाही तर घटस्फोटासाठी कारण मिळतं.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. जिथून हा कायदा आला त्या इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने पूर्णपणे काढून टाकला.

मात्र एक दिलासा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की नांदायला जाण्याचा हुकूमनामा असूनही बायको गेली नाही, एवढ्याच कारणाने तिची पोटगी बंद होत नाही. न जाण्यामागे तिच्याकडे योग्य कारण असेल तर ती पोटगी मागू शकते.

बीडमध्ये हे अजून का घडतं?

कारण फक्त रूढी नाही, पोटाचा प्रश्नही आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांमधून हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ती परततात पुढच्या वर्षी हंगाम संपल्यावर.

वयात आलेल्या मुलीला गावात म्हाताऱ्या आजीआजोबांकडे ठेवायचं की फडावर पालात न्यायचं? दोन्हीकडे तिच्या सुरक्षेची काळजी. मग लग्न लावून मोकळं व्हायचं, असा विचार होतो. त्यात मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. मुलाचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता वाढतो.

आईबाप वैरी असतात म्हणून हे होतं असं नाही. पण पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीची शाळा सुटते, लगेच बाळंतपण येतं. घरात मारहाण झाली तर ती कुठे जाणार? माहेर तर फडावर असतं.

रखमाबाईंकडे नसलेले कोणते हक्क आज आहेत?

लग्न रद्द करण्याचा हक्क. लहानपणी झालेलं लग्न मुलगी जिल्हा न्यायालयात अर्ज करून रद्द करून घेऊ शकते. रखमाबाईंना हवं होतं ते हेच. पण याला मुदत आहे. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे वयाची २० वर्षं पूर्ण होईपर्यंत हा अर्ज करावा लागतो. मुलगी अजून १८ ची झाली नसेल तर तिच्या वतीने पालक किंवा जवळची व्यक्ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह अर्ज करू शकते. लग्न रद्द झालं तरी पोटगी मागता येते आणि त्या लग्नातून झालेलं मूल कायदेशीरच मानलं जातं.

१८ वर्षांखालच्या मुलीला संरक्षण. लग्न झालं म्हणून अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध ठेवता येत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. असा संबंध हा बलात्कार ठरतो, शिवाय पोक्सो कायदाही लागतो. सज्ञान पत्नीच्या बाबतीत मात्र कायद्यातली सूट अजून आहे आणि तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे.

घरात राहण्याचा हक्क. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण कायदा, २००५ नुसार घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथून असंच बाहेर काढता येत नाही. मारहाणच नाही, तर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं हेही या कायद्यात हिंसा मानलं जातं. संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा आणि भरपाई असे आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पत्नीशिवाय आई, बहीण, मुलगी आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही दाद मागू शकते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

मोफत वकील. महिलेला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजनाही आहे.

मदत कुठे मागायची?

- १८१: महिलांसाठी हेल्पलाइन.
- १०९८: चाइल्डलाइन. कुठे बालविवाह ठरला असेल तर इथे कळवता येतं, तोही लग्न लागण्याआधी. न्यायदंडाधिकारी लग्न थांबवण्याचा आदेश देऊ शकतात.
- ११२: तातडीने पोलिसांची मदत हवी असेल तर.
- ग्रामसेवक: महाराष्ट्रात गावपातळीवर तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात.
- संरक्षण अधिकारी: कौटुंबिक हिंसाचाराची माहिती नोंदवून कोर्टात अर्ज करायला हे मदत करतात. महिला व बाल विकास विभागाकडे त्यांची चौकशी करता येते.
- सखी वन स्टॉप सेंटर: तात्पुरता निवारा, उपचार, समुपदेशन आणि पोलीस-कायद्याची मदत एकाच ठिकाणी.
- कोणतंही पोलीस ठाणं: गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो. ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या बायकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे नाव फुटेल या भीतीने गप्प बसू नका.

रखमाबाईंना नाही म्हणण्यासाठी चार वर्षं कोर्टात झगडावं लागलं आणि शेवटी पैसे मोजून सुटावं लागलं. आज बीडमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला तोच नकार कायद्याने दिलेला आहे. पण वयाची २० वर्षं पूर्ण झाली की तो अर्ज करता येत नाही, आणि हे तिला कोणीतरी त्याआधी सांगायला हवं.